दवाखान्यातली अभ्यासिका

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना विद्यार्थी 'टंचाई सर' म्हणत. पहिल्या तासाला ते फळ्यावर तेवढा एकच शब्द लिहीत आणि वर्षभर त्याच्याभोवती घुटमळत. विद्यापीठाच्या जिवावर पोसलेल्या त्या गावात ते रोज पायी हिंडत आणि जे दिसेल त्यावर चिडत. एका घरमालकानं खोलीच्या दोन खोल्या करताना प्लायवूडची भिंत थेट खिडकीच्या मधोमध नेली होती. अर्धी खिडकी एकीला, अर्धी दुसरीला, भाडं मात्र दोन्ही खोल्यांना अख्खं! जुन्या पुस्तकांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळत. सर घरी आले की बायको पाण्याचा पेला पुढे करत विचारायची, "आज कुणावर?"

एका संध्याकाळी ते बायकोच्या रक्ततपासणीचा अहवाल आणायला सरकारी दवाखान्यात गेले. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मांडलेल्या बाकावर त्यांच्याच वर्गातली एक मुलगी बसली होती. सर लगबगीनं तिच्यापाशी गेले.

"काय गं, कोण आजारी आहे?"

"कुणी नाही, सर." मुलीनं ओशाळून मांडीवरचं पुस्तक मिटलं. "वाचायला येते. इथं उजेड आहे, पंखा आहे. खोलीत आम्ही तिघी आणि एक दिवा."

"मग ग्रंथालयाचा वाचनकक्ष?"

"तो पाचलाच बंद होतो, सर. गेल्या सत्रापासून."

सरांनी मान वर केली. पलीकडे खोकणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी आणखी एक वही उघडी होती, औषधांच्या खिडकीजवळ दोन. कण्हण्या-विव्हळण्यात पोरं परीक्षेची तयारी करत होती, आणि आपल्याला पत्ताच नव्हता! सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ते कुलसचिवांपुढे उभे राहिले आणि दवाखान्यात पाहिलेलं सगळं सांगितलं. कुलसचिव गोड बोलणारे गृहस्थ. "बसा ना, सर. पहारेकरी कमी आहेत हो. आणि खरं सांगू? संध्याकाळी तिथं कुणी येतच नाही. मागणीच नाही. तुम्हाला मी काय अर्थशास्त्र शिकवणार?"

"शिकवू नकाच!" सर कडाडले. "दाराला कुलूप घालायचं आणि आत कुणी नाही म्हणून मागणी नाही म्हणायचं? आणि पहारेकरी कमी, तर फाटकावरच्या तुमच्या नव्या कमानीखाली दोघं जण काय राखतात? कमान कोण पळवून नेणार आहे?"

कुलसचिवांनी घंटी वाजवून चहा मागवला. सर चहा न घेताच उठले.

आठवडाभरात तक्रारीचं फळ मिळालं. वाचनकक्ष बंदच राहिला, पण दवाखान्यात फलक लागला: 'विद्यार्थ्यांनी येथे बसू नये.' विद्यापीठाची बदनामी होते म्हणून कुलसचिवांनीच तशी विनंती केली होती.

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तर पोरांना निदान बाक तरी मिळाला असता," सर बायकोला म्हणाले. त्यांचा घास हातातच राहिला होता.

"गप्प बसणं तुम्हाला कधी जमलंय?" बायको म्हणाली. "आता अर्धवट सोडू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सरांनी विभागातली लाकडी खुर्ची स्वतः उचलली आणि वाचनकक्षाच्या कुलूपबंद दारासमोर नेऊन ठेवली. अभ्यासात ज्याला काही अडेल त्यानं इथं यावं, असं सकाळीच वर्गात सांगून टाकलं होतं. सहकारी जाता-येता "वा, सर, वा!" म्हणत आणि पाऊल न थांबवता पसार होत. चहाच्या टेबलावर हेच लोक क्रांतीच्या गप्पा मारायचे! पहिल्या दिवशी ती मुलगी एकटीच आली. हळूहळू व्हरांडा भरला, मग पायऱ्या भरल्या. एका संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन कुलगुरू तिकडून निघाले, तर त्यांना जिना उतरायला वाट मिळेना. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "ही मुलं दाराबाहेर का बसलीत?" कुलगुरूंच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

चार दिवसांत कुलूप निघालं. कमानीवर कुलगुरूंच्या हसऱ्या छायाचित्रासह भला मोठा फलक झळकला: 'विद्यार्थिहिताचा ऐतिहासिक निर्णय.' कुलसचिवांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, आम्ही ऐकतो की नाही?"

सरांनी तो हात बाजूला सारला. चोर तो चोर, वर शिरजोर! पण मुलं दाराशी ताटकळत होती; सर वाटेतून बाजूला झाले.

मुलं आत शिरली, टेबलांवरची धूळ पुसून पुस्तकं उघडू लागली. कुणीतरी भिंतीवरची बटणं दाबली. दिवे लागले, पण वारा येईना. सरांनी वर पाहिलं. छताला नुसते आकडे लोंबत होते.

"पंखे कुठं गेले?"

ग्रंथपाल चुळबुळला. "अतिथिगृहात लावले, सर. पाहुण्यांना उकडत होतं."

"तुम्ही वाचत बसा रे," सर मुलांना म्हणाले आणि बाह्या सावरत कुलसचिवांच्या दालनाकडे निघाले.