दुपट्याची चौथी कड

पत्नीवर संशय घेण्याची सवय मला कधीच नव्हती, असे लिहिले आणि खोडले. सवय होती, फक्त काळजी या नावाखाली मी ती चालवून घेत असे.

गेल्या वर्षीची, नात जन्मण्याआधीची गोष्ट. मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी आमच्या लालबागच्या घरी आली, आणि पत्नी दर मंगळवारी दुपारी प्रभादेवीला देवळात जाऊ लागली. येताना हाती प्रसाद नसे. पहिल्या मंगळवारी म्हणाली, गर्दी होती. दुसऱ्या मंगळवारी मी विचारले नाही, नुसते पाहिले. पदराला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते आणि डाव्या हाताच्या बोटावर टोचल्याच्या खुणा होत्या. रक्त तपासायला जाते की काय? काही आजार लपवते आहे? तिसऱ्या मंगळवारी ती पाय धुवायला मोरीत गेली आणि मी तिची पिशवी उघडली.

आत तिचीच जुनी सुती साडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. तिचा चौकोन कापून, दुहेरी करून तीन कडा धावदोऱ्याने शिवल्या होत्या. चौथ्या कडेत सुई खोचलेली. बाळाला गुंडाळायचे दुपटे.

आमच्या घरात मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी टाका घालत नाहीत. जुने कापड धुऊन ठेवायचे. सुई हाती घ्यायची ती बाळ रडल्यावर. हा नियम माझ्या आईचा. तीस वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, पत्नीने आठव्या महिन्यातच हौसेने दुपटे शिवले. मूल जन्मले, पण दोन दिवसही राहिले नाही. आईने दुपट्याकडे बोट दाखवले. आई जुन्या वळणाची होती. पण रिकाम्या हातांनी दवाखान्यातून परतलेल्या बाईला मीही म्हणालो, "कशाला शिवायला बसलीस?" पुन्हा कधी म्हणालो नाही, आणि ते शब्द मागेही घेतले नाहीत.

ती मोरीतून आली तेव्हा पिशवी माझ्या मांडीवर होती.

"देवळात नाही जात. बहिणीकडे बसून शिवते," ती म्हणाली. "झालं समाधान?"

"मला सांगायचंस."

"तुम्हाला?"

आतून मुलीचा आवाज आला, "आई, बाबांना कळलं का गं?"

म्हणजे घरात एकटा मीच अंधारात होतो. आणि त्यात त्या दोघींचा काही दोष नव्हता.

"ही शेवटची कड मी शिवू?" मी विचारले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "का? उद्या काही झालं तर नाव माझंच घ्याल."

"माझं घेता यावं म्हणून."

ती समोर बसली. शर्टाची तुटलेली बटणे मी स्वतः लावतो, तेवढीच माझी शिवणाची विद्या. पहिला टाका घालताना हात थांबला. आईचा नियम खोटा आहे हे मला पटले होते, तरी भीती वाटली; आणि तिने ती पाहिली.

आठ-दहा टाके झाल्यावर तिने दुपटे ओढून उजेडाला धरले. "केवढे लांब टाके. बाळाचं बोट अडकेल यात."

तिने ते सगळे उसवले. सुई पुन्हा माझ्या हाती दिली, पण माझ्या बोटांवरची नजर कड पुरी होईपर्यंत काढली नाही.