धर्माशेठच्या गाळ्यातला न्याय

नझीर आणि मी चहाला बसलो की धर्माशेठचा विषय निघतोच. एक किस्सा संपेपर्यंत दुसरा तोंडात आलेला असतो! वयाने मोठ्या माणसांना न्याय कळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी अठ्ठ्याण्णव साली कोपरखैरण्यात यायला हवं होतं.

धर्माशेठने स्वतःच्या गाळ्यात चार कम्प्युटर वायरीने जोडले होते. चौघांनी बसायचं, स्क्रीनवर एकमेकांना गोळ्या घालायच्या. कॉलेज सोडल्यापासून मला धड जमलेली ती एकच गोष्ट. वाशीच्या स्पर्धेला गाळ्यातून एकच जण जाणार होता, आणि मला जायचं होतं.

अडचण म्हणजे शेठचा पुतण्या, बाळ्या.

*

एक नंबरचा कम्प्युटर नवा. तो कायम बाळ्याचा. त्यावर गेम पळायचा, आमच्यावर रांगायचा. माझी गोळी सुटेपर्यंत बाळ्या मला मारून पुढच्या खोलीत!

"शेठ, मशीन पाळीपाळीने द्या. त्याचा माणूस पळतो, आमचा चालतो."

शेठने चष्मा वर केला. "मंग तू पन पल ना जोरान!"

*

बाळ्या हरायला लागला की लाईट जायची. फक्त गाळ्यातली! बाजूच्या सलूनमध्ये रेडिओ चालू. मेन स्विच शेठच्या खुर्चीमागे. "लाईट गेली, गेम रद्द!"

एकदा खरंच अख्ख्या सेक्टरची गेली. बाळ्या दोनने पुढे होता.

"जिकला माझा बाल्या!"

"शेठ, लाईट गेली की गेम रद्द ना?" नझीरने विचारलं.

"ती येगली. ही सरकारी हाय."

*

जोशी सर रिटायर्ड मास्तर. गाळ्यात पेपर वाचायला यायचे आणि हात मागे बांधून आमच्या पाठीमागे फिरायचे. आमचे स्क्रीन बघून बाळ्याला सांगायचे, "डावीकडे, पिंपाआड बघ."

आयुष्यभर या माणसाने पोरांच्या कॉप्या पकडल्या!

"सर, ही चीटिंग आहे!"

"मार्गदर्शन आहे. फरक कळला असता तर कॉलेज सुटलं नसतं तुझं."

*

शेवटी नझीरने खेळाडूंचे हक्क कागदावर लिहिले. मशीन पाळीपाळीने. मध्येच स्विच बंद नाही. पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही. शेठने तो कागद कौतुकाने वाचला, फ्रेम केला आणि भिंतीवर लावला.

नेमका मेन स्विचवर. आता लाईट कोण घालवतंय तेही दिसेना!

*

वाशीला कोण जाणार याची फायनल झाली त्या दिवशी शेठ लग्नाला गेले होते, म्हणून लाईट गेली नाही. मी वीस, बाळ्या सहा. बाळ्या रडत घरी.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गावकी बसली. गावातलं कुठलंही भांडण तिथेच सुटतं. पाच म्हातारे. एकानेही कधी कीबोर्डला बोट लावलेलं नाही.

"किती वेला मारलास त्याला?" मधल्याने विचारलं.

"वीस. मीच जिंकलो. वाशीला मी जाणार."

"आनि त्यानं तुला?"

"सहा."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "शेजारच्या पोराला वीस वेला मारलास, वर वाशीला पन तूच जानार?"

सगळ्यांसमोर बाळ्याच्या पाया पडून माफी मागायला लावली मला! वाशीला बाळ्या गेला आणि पहिल्याच फेरीत तिथल्या एका पोराच्या हातून बारा वेळा मेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर जीप उभी. पुढे धर्माशेठ, मागे पाचही म्हातारे, इस्त्रीच्या टोप्या घालून. मला बघून मधला म्हातारा सरकला.

"चल, बस. माफी कशी मागाची, त्या वाशीच्या पोराला दाखवाला कोन तरी पायजे."