मावशींनी दाखवलेलं दुपटं

यकृताचा कॅन्सर आणि पित्तनलिकांचे आजार हा माझा संशोधनाचा विषय. पित्ताच्या बाटल्या, काचपट्ट्या आणि फ्रीझर यांच्यात मी इतकी वर्षं सुखात काढली. म्हणूनच हे सांगायला एवढा वेळ लागला.

धाकट्या बहिणीचं बाळंतपण आमच्या जुन्या हुबळीतल्या घरी झालं. मुलीला न्हाऊ घालायला आणि गुटी उगाळून द्यायला गल्लीतल्या मावशी येत. तिथली निम्मी पोरं त्यांच्याच पायांवर न्हालेली. मुलगी महिन्याची असेल तेव्हा. मी लॅबला निघालो होतो, तर मावशी दुपटं घेऊन आडव्या आल्या.

"डॉक्टरा, बघ की जरा. धुतलं तर पिवळा डागच राहत नाही. डोळे पिवळे आणि शी पांढरी. उलटं हाय की रे हे."

मी चप्पल घालत होतो. दुपट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दुधावरच्या बाळाची असते अशी. कोवळं ऊन दाखवा, पंधरा दिवस थांबा."

शीला रंग येतो तो पित्तामुळे. पित्तनलिका बंद असली तर पित्त आतड्यात उतरत नाही आणि शी पांढरी होते. हे मी मुलांना फळ्यावर काढून शिकवतो. त्या दिवशी घाई होती, हे खरं. पण न्हाऊ घालणाऱ्या बाईनं मला माझाच विषय सांगावा, हे लागलं होतं, हे जास्त खरं.

घरातच यातला माणूस, म्हणून बहिणीनं दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही. निदान व्हायला आणखी सहा आठवडे गेले. पित्ताला वाट करून देण्याचं ऑपरेशन लवकर व्हावं लागतं. आमचं उशिरा झालं आणि टिकलं नाही. पुढं बहिणीनं स्वतःच्या यकृताचा तुकडा दिला. मुलगी वाचली. आता चौथीत आहे. रोज गोळ्या घेते, उणकलच्या तळ्याकाठी सायकल चालवते आणि मला कानडीतून चिडवते.

पण निदान झालं त्या दिवशी आई म्हणाली होती, "त्या बाईच्या गुटीनं झालं हे. कसलं वेखंड उगाळलं कोण जाणे!"

तसं नसतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी चहा पीत राहिलो. महिन्याभरात गल्लीत मावशींना कुणी बोलवेना.

यंदा आम्ही बाळंतिणींना द्यायला शीच्या रंगांचं कार्ड तयार केलं; बाळाची शी त्यातल्या फिक्या रंगांशी जुळली, तर लगेच दवाखाना गाठायचा. कोप्पीकर रोडवरच्या छापखान्यातून नमुना आला, तो घेऊन मी मावशींकडे गेलो. रंग तपासायला, असं मी स्वतःला सांगितलं.

मावशी उंबऱ्यात शेंगा फोडत होत्या. कार्ड उजेडात धरून म्हणाल्या, "हा तिसरा पिवळा झालाय. त्या पोरीची ह्याहून फिकी होती."

"आठवतंय तुम्हाला?"

"दुपटं मी धुतलं की रे!"

मग मी बोललो. "मावशी, तुमच्या गुटीनं काही झालं नव्हतं. तुम्ही वेळेवर सांगितलंत, मी ऐकलं नाही. नंतर तुमच्यावर आलं, तेव्हाही गप्प बसलो."

"हे मला काय सांगतोस? मला म्हाईत नाही होय? जा, घरात सांग."

"आज?"

"मग? मुहूर्त काढायचाय काय?" त्यांनी पदर झटकला, चपला घातल्या आणि माझ्यापुढं चालू लागल्या.

रविवार होता, बहीणही मुलीला घेऊन आली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"नऊ वर्षं, अण्णा?" बहीण म्हणाली आणि आत गेली.

आई उठली, मागच्या भिंतीशी गेली आणि शेजारणीला मोठ्यानं हाक मारली. "अक्का, ऐकलंस काय? गुटीनं नव्हतं गं ते. मावशींनी सांगितलं होतं, आमच्याच शहाण्यानं ऐकलं नाही!" तिच्या आवाजाची ताकद मला ठाऊक होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असणार.

बहिणीनं चहा आणला. मावशींना, आईला, स्वतःला. मला नाही. मावशी बशीत ओतून फुंकत पीत होत्या आणि भाचीला जवळ ओढून तिचे डोळे उजेडात बघत होत्या.

"पांढरे हाईत," त्या म्हणाल्या. "झकास."

मी चहाविना बसून होतो, आणि कितीतरी वर्षांनी त्या घरात मला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन तिसरा रंग फिका करून घेतला.