साहेब दहा मिनिटांत येतील

नागपुरात ऊन वाढलंय हे सांगायला पुढारी लागत नाही. चैत्र संपायच्या आत आम्ही कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावतो आणि दुपारी निघायचं झालंच तर खिशात कांदा ठेवतो. तरी अलीकडे प्रत्येक भाषणात पृथ्वी जळते. मी सभांचं निवेदन करतो, त्यामुळे तिचं हे जळणं मी पुष्कळदा ऐकलं आहे. आधी हेच लोक याच हातवाऱ्यांनी रस्ते देणार होते. संकट खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला त्या आवाजाचा राग येतो. एकदा 'येणाऱ्या पिढ्या' म्हटलं की समोर बसलेल्यांना पाणी पाजायची जबाबदारी संपते.

गेल्या मे महिन्यात हवामान बदलाच्या धोक्यांवर जाहीर सभा होती. वेळ दुपारी तीनची, कारण मुख्य भाषण करणाऱ्या साहेबांना संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं. मंचावर कूलर, समोर मैदानात पातळ कापडाचा मांडव. वस्त्यांमधून बायका बसने आणल्या होत्या, त्यांत माझी आईही आली. तिने मला माइकवर कधी ऐकलं नव्हतं. "मी काही तुह्या साहेबाले आयकाले नाही येऊन राहिली. तुले आयकाले येऊन राहिली," ती म्हणाली. कमरेला कांदा खोचून ती पुढच्या बाजूला, मला दिसेल अशी बसली.

साहेब काही येईनात. अशा वेळी गर्दी धरून ठेवणं हेच निवेदकाचं खरं काम. साहेब निघाले आहेत, दहा मिनिटांत पोहोचतील, असं मी सांगितलं. मग सगळ्यांकडून पृथ्वी वाचवण्याची शपथ म्हणवून घेतली. मग चारोळ्या झाल्या. मग साहेब पुन्हा निघाले. पाण्याचा टँकरही साहेबांसारखाच रस्त्यात होता.

आई पदराने वारा घेत होती. मग तिचा हात थांबला. चेहरा तांबडालाल झालेला आणि घामाचा टिपूस नाही. याचा अर्थ नागपुरात वाढलेल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही.

मागे आयोजक उभा होता. मी त्याला हळूच म्हटलं, "लोकायले सोडा आता. ऊन लागून राहिलं त्यायले."

"खुर्च्या रिकाम्या दिसल्या तं साहेब मले सोलून काढतीन," तो म्हणाला. "अजून दहा मिनिटं ताण गा."

मी माइक तोंडाशी धरला. "उन्हापासून वाचायचा पहिला नियम. भर दुपारी बाहेर बसायचं नाही. सगळ्यांनी घरी जा. सभा संपली."

क्षणभर कोणी हललं नाही. हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. मग एक बाई हसली आणि खुर्च्या सरकू लागल्या. मान्यवरांच्या टेबलाखालचा पाण्याच्या बाटल्यांचा खोका उचलून मी खाली उतरलो. एक बाटली आईच्या डोक्यावर ओतली, बाकीच्या आजूबाजूला वाटल्या आणि तिला ऑटोत घालून दवाखाना गाठला.

साहेब नंतर आले म्हणे. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यांनी अख्खं भाषण केलं, कॅमेरा फक्त मंचाकडे होता. त्या मंडळींचं काम मला पुन्हा मिळालं नाही, त्याचं मला सोयरसुतक नाही.

सलाईन चढल्यावर आई डोळे उघडून नीट बोलू लागली. जीव भांड्यात पडला तसा मला तिचाच राग आला.

"इतका तरास होऊन राहिला होता तं उठली काहून नाही वं माय?"

तिने नवलाने माझ्याकडे पाहिलं.

"कशी उठू? तूच तं सांगून राहिला होता, साहेब दहा मिनिटांत येऊन राहिले म्हणून. बाकीचे बोलतीन खोटं. तू थोडीच बोलशील गा?"