दोन वाजताची विहीर

आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, दुसरं महायुद्ध जिंकलं. मदतीला इंग्रज होते, हे ते मोठ्या मनानं कबूल करत. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या तळावर ते होते. ही विमानं दर्यावर गस्त घालत, शत्रूच्या पाणबुड्या हुडकत. आबांचा हुद्दा मात्र ऐकणाऱ्यावर ठरे. पाहुणे नवखे असले की आबा तोफ चालवत. घरचेच असले की विमान बांधायचा दोर धरत. मला वाटतं, दोरच खरा. पण कधीमधी त्यांना वर नेऊन खिडकीशी बसवत आणि खालच्या पाण्यावर नजर ठेवायला लावत, एवढं नक्की. कारण घड्याळाची खोड त्यांना तिथंच जडली. विमानात डावं-उजवं म्हणत नाहीत. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, शेपटीकडे सहा. आबा पाटावरही तेच चालवत. "चटणी नऊ वाजता" म्हटलं की आजी मुकाट्यानं डावीकडे वाढायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आत्याला तासगावच्या पुढचं, कोरड्या मुलखातलं स्थळ आलं. मुलगा पलटणीत, आत्याला मनापासून पसंत. आम्ही पडलो कृष्णाकाठची, उसातली माणसं. आजीनं एकच अट घातली: ज्या दारात विहीर नाही तिथं पोरगी देणार नाही. आत्यानं जेवण सोडलं. आजीनं अट सोडली नाही.

होणारे व्याही मात्र खुशीत होते. आबांनी त्यांना जेवताना लढाई ऐकवली होती, की आम्ही आभाळातनं बघून पाण्याखाली काय आहे ते सांगायचो. त्यांच्या मुलखात अशा माणसाला एकच नाव आहे.

"आवं, घरात येवडा मोठा पाणाड्या असताना," ते म्हणाले, "आमी हिरीची जागा कुणाला इचारायची?"

आबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण नाही म्हणायचं तर तोफेपासून सगळंच मागं घ्यावं लागलं असतं. त्यांनी सुपारी टाकून तोंड मिटलं.

निघताना आत्यानं त्यांच्या गळ्यात दुर्बीण अडकवली. "आबा, तुमची पाणबुडी आजवर निमूट ऐकली. आता येक तरी खरी काढा."

मी साताऱ्यात कॉलेजला होतो; सुट्टीत आबांबरोबर गेलो. पाणाडे तळहातावर नारळ धरून शिवारभर फिरतात. आबांनी नारळ फोडून खाल्ला आणि उंच झाड मागितलं. व्याह्यांच्या रानात एक लिंब होता. आबा शेंड्याला पोचले तेव्हा खालून त्यांचं धोतर पांढऱ्या ढगासारखं दिसायला लागलं, आणि त्या मुलखात ढग दिसला म्हणून दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

सकाळी उन्हं चढल्यावर वरून हाक आली, "दोन वाजता! दोन वाजता हाय!"

व्याह्यांनी मनगट बघितलं. पाण्यालाही वेळ असते, जाणत्यालाच कळते, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना जेवायला हाकललं. मी दिशेचं समजावू लागलो, तर म्हणाले, कालेजात हे शिकवत न्हाईत, चला.

दोन वाजता सारं गाव कुदळी घेऊन लिंबाखाली हजर. आबा तोवर ऊन चुकवत फांद्या बदलत गेले होते. सकाळी नाक मावळतीकडे होतं, आता उगवतीकडे.

"पावणं, दोन वाजलं," व्याही ओरडले. "कुटं खणायचं?"

"कवाचं सांगतोय, दोन वाजता!"

"व्हय, वाजलं की."

"आवं, दोन वाजता म्हंजी तिकडं!" उपाशी आबांनी नाकाच्या उजव्या अंगाला हात झोकला. त्या बाजूला त्यांनी सकाळपासून बघितलंसुद्धा नव्हतं.

लोकांनी तिथं कुदळ मारली. उतरल्यावर आबांनी घाबऱ्या घाबऱ्या माझ्या कानात सांगितलं, की त्यांनी हेरलेली हिरवळ लिंबाच्या पार पलीकडं होती. मी जाऊन आलो. बोरीच्या झुडपावर विहीणबाईंचं हिरवं लुगडं वाळत होतं.

"लढाईत देवमाशाला पाणबुडी म्हनलो हुतो," आबा कुजबुजले. "त्यापरीस ह्ये बरं. गप ऱ्हा."

खणती चालली. मुरूम गेला, खडक लागला. इकडं आत्या रोज वाटेकडं बघे आणि आबा आत्याकडं बघायचं टाळत. मग एकदा सुरुंग उडाला आणि पाणी लागलं ते असं, की आधी खणणाऱ्यांच्या टोप्या वर आल्या आणि मागनं ते. टोप्या मी पाहिल्या नाहीत. पाणी पाहिलं.

लग्न झालं. मांडवात व्याही आबांना दहा गावच्या लोकांपुढं मिरवत होते आणि आबा मेल्यागत बसून होते. "सारा दर्या धुंडाळला, येक पाणबुडी घावली न्हाई," ते मला म्हणाले. "अन् हितं पाठ फिरवून बसलो तर घावली. कुनाला सांगायचं?"

आत्याला मात्र त्यांनी सांगितलं असावं. पुढं ते तिच्या घरी गेले की ती त्याच विहिरीचं पाणी आणायची, पाटाशेजारी ठेवायची आणि चुलीकडं वळता वळता म्हणायची, "आबा, दोन वाजता तांब्या ठेवलाय." आबा न बघता उजवीकडं पुढं हात घालत. तांब्या तिथंच असे.