स्टॅण्ड वर घे, बाई

मी नर्स आहे. ‘अंगात आलंय’ म्हणून आणलेल्या बाईला मी आधी बसवते, बीपी बघते, जेवलीस का विचारते... निम्म्या भुतांचा निकाल तिथेच लागतो. त्यामुळे हे लिहायला मला वर्ष लागलं. या ग्रुपवर मला कुणी ओळखत नाही, म्हणून धीर केला.

बाबा गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. लग्न नाही, भावंडं नाहीत. आई तर मी दोन वर्षांची असतानाच गेलेली. रिठदला नोकरी आणि भाड्याची एक खोली. बाबांमागे उरली ती त्यांची मोटारसायकल. ‘तुले शिकवतो’ असं ते माझ्या कॉलेजपासून म्हणत होते, आणि मी ‘उद्या’ म्हणत होते. जो तो सांगे, ही विक आणि स्कुटी घे, बाईमाणसाला तीच बरी. पण ती विकली असती तर बाबांचं म्हणावं असं काहीच माझ्याकडे राहिलं नसतं. शेवटी गाडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला मीच सांगितलं की संक्रांतीपर्यंत मला जमली नाही तर घेऊन जा.

दिवाळीनंतर आठवडी बाजाराच्या रिकाम्या मैदानावर शिकायला लागले. आमच्या दवाखान्यातल्या शिपाईकाकांनी दोन रविवार क्लच-गिअर दाखवला. ‘मॅडम, क्लच सोडून राह्यल्या का तोडून राह्यल्या?’ असं विचारायचे. तिसऱ्या रविवारी त्यांच्या घरी पाहुणे आले आणि पुढचं मी एकटीच शिकले. पडले, गुडघे फोडून घेतले, स्वतःच पट्टी केली.

माझी खोड एकच – साइड स्टॅण्ड वर घ्यायला विसरायची. नव्या गाड्या स्टॅण्ड खाली असेल तर गिअर टाकल्यावर बंद पडतात म्हणे. बाबांची जुनी, ती बिचारी तशीच निघायची. आणि डावीकडे वळताना स्टॅण्ड रस्त्याला टेकला, की गाडी आडवी झालीच समजा. आपल्याकडे मात्र एक बरं आहे... कुणाचा स्टॅण्ड खाली दिसला की अनोळखी माणूसही ओरडून सांगतो. टमटमवाला सांगतो, बैलगाडीवाला सांगतो. खरं सांगू? ड्युटी सोडली तर दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेले शब्द तेवढेच असायचे. ‘ताई, स्टॅण्ड!’ घरी आल्यावरही ते आठवून बरं वाटायचं. एवढी एकटी होते मी तेव्हा.

डिसेंबरात पहिल्यांदा एकटी वाशीमला जाऊन आले. परत येताना दुपारचे चार वाजले असतील, लख्ख ऊन होतं. रिठदच्या अलीकडे ओढ्यावर एक छोटी मोरी आहे, तिच्यापुढे रस्ता डावीकडे वळतो. त्याआधी मी रुमाल नीट बांधायला थांबले होते. निघाले, तिसरा गिअर टाकला... आणि कानामागून, अगदी शांतपणे, बाईचा आवाज आला.

‘स्टॅण्ड वर घे, बाई.’

मी सवयीने ‘हो’ म्हणाले आणि टाचेने स्टॅण्ड वर घेतला. मग आरशात पाहिलं तर रस्ता रिकामा. गाडी थांबवून मागे वळून पाहिलं. दोन्हीकडे सोयाबीन काढून मोकळी झालेली शेतं. उभं राहायला झाड नाही, लपायला झुडूप नाही. पुढचं वळण मी चालतच, गाडी ढकलत पार केलं.

त्यानंतर महिनाभरात दोनदा तसंच झालं. एकदा मोरीजवळ, एकदा गावाच्या तोंडाशी. प्रत्येक वेळी स्टॅण्ड खरोखर खाली असायचा. मी मनाला समजावलं, की पायाला जाणवतं, मेंदू आठवण करून देतो, एकटेपणात माणसाला आवाज ऐकू येतात. पेशंटला मी हेच सांगितलं असतं.

पण चौथ्यांदा ती स्टॅण्डचं बोललीच नाही.

‘ओढणी, पोरी.’

ब्रेक दाबला. पाठीमागे ओढणीचं टोक चेनपाशी गेलं होतं, त्याला काळं वंगण लागलेलं, दोन गोंडे तुटलेले. आणखी दहा पावलं गेले असते तर काय झालं असतं, ते मी दवाखान्यात पाहिलेलं आहे. माझ्या पाठीमागचं माझ्या मेंदूला कसं दिसलं? मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. भीतीने नाही हो. बाबा गेल्यापासून मला ‘पोरी’ कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून.

बाबांचा आवाज असता तर मी लगेच विश्वास ठेवला असता. पण तो बाईचा होता. त्या रात्री मंगरूळपीरच्या आत्याला फोन केला आणि विचारलं, आईचा आवाज कसा होता?

‘आवाज आता कसा सांगू वं... हळू बोले ते. कोनाले जोरानं हाक मारनं तिले जमेच नाई. पन आज काहून इचारून राह्यली?’

मी सगळं सांगितलं. तिला ते पटलं नाही. म्हणाली, तेव्हा तुमच्या घरी कुठली आली गाडी, सायकल होती फक्त, तुझ्या मायले मोटारसायकलच्या स्टॅण्डचं काय ठाऊक. तेही खरंच होतं. आईचा एक फोटो आहे माझ्याकडे. आवाज कुठेच नाही. मग तो तिचा होता की नव्हता, हे मी कशावरून ओळखणार?

संक्रांतीला गिऱ्हाईक आलं, त्याला तिळगूळ देऊन परत पाठवलं. आता गाडी छान जमते. स्टॅण्ड पायाने आपोआप वर जातो, ओढणी आधी कमरेला बांधते. आणि तो आवाज बंद झाला. एकदाही आला नाही.

कुणाला सांगितलेलं नाही, पण इथे सांगते... कधी कधी वाशीमहून येताना, मोरीच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, मागेपुढे कुणी नसलं, की मी मुद्दाम पायाने स्टॅण्ड खाली करते. दुसऱ्या गिअरवर हळूहळू जाते आणि ऐकते. मागच्या आठवड्यात एका टमटमवाल्याने ओरडून सांगितलं. मी त्याला हात केला.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. वळण जवळ येतं, कुणी काही बोलत नाही, आणि मग मीच स्टॅण्ड वर घेते.