मी न चढलेला किल्ला

एका प्रवासाच्या वेबसाइटने यादी करण्यासाठी आम्हा देशभरातल्या गाइडांना विचारलं होतं, तुमच्याकडे चुकवू नये असं काय आहे? मी नाशिकजवळचा एक किल्ला सुचवला, उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्यांचा. तो मी कधीच चढलो नव्हतो. मला उंचीची भीती वाटते. पर्यटकांना वर पाठवून मी पायथ्याशी चहा पीत बसायचो.

ती यादी वाचून पुण्याच्या एक बाई आल्या. उतरायच्या वेळी त्यांनी वरून हाक मारली, "दादा, कसं उतरू?"

घरचा जिना उतरतो तसंच असेल असं धरून मी सांगून टाकलं, "समोर बघत या."

समोर दरी होती. दोन-तीन पायऱ्यांतच त्या दगडाला धरून थांबल्या. त्यांना हलता येईना.

पायथ्याशी लिंबूसरबत विकणारी मावशी पदर खोचून वर गेली. "ताई, दगडाकडं तोंड कर. शिडी उतरतो तसं ये. मी हाय खाली." त्यांचं एकेक पाऊल तिने हाताने पायरीवर टेकवलं.

खाली आल्यावर मावशी मला हळूच म्हणाली, "तू वर गेलाच नाय ना कधी?"

मी बाईंकडे वळलो. त्यांना म्हणालो, "आज वारा फार होता." त्यांनी माझेच आभार मानले.

आज त्यांना हे सगळं लिहून पाठवतोय.